सावली, अप्पर-डिप्पर आणि देवयानी

लांबच्या प्रवासाला निघताना मी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर सामान इतकं घट्ट आवळून बांधते की तिथे कुणाला टेकायलाही जागा उरत नाही. तरी एक जण येतेच. तिला हेल्मेट लागत नाही, तहान लागत नाही, पाठ दुखते म्हणून ती कधी थांबायला लावत नाही. फक्त एका जागी स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नाही. पहाटे पश्चिमेकडे निघालं की ती माझ्या पुढे धावते, दुपारी चाकांखाली शिरते आणि संध्याकाळी मागे फरफटत येते. माझी सावली. इतक्या वर्षांच्या भटकंतीत तिच्याइतकं इमानी कुणी भेटलं नाही, आणि तिच्याइतकं अवखळही.

या खेपेला माझा भाचा सोबत होता, त्याच्या लाल टाकीच्या गाडीवर. तीन दिवसांचा रस्ता, तोंड पश्चिमेला. आमच्या हेल्मेटमध्ये बोलण्याची सोय आहे, त्यामुळे त्याचे प्रश्न थेट माझ्या कानात येतात. मी डोळे तपासते, चष्म्याचे नंबर काढते. हे काम करत केस पिकले. त्यामुळे उजेडाबद्दल कुणी काही विचारलं की मला राहवत नाही, आणि त्याला हे पक्कं ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी तांबडं फुटायच्या आधीच निघालो. थोड्या वेळाने पाठीवर ऊब जाणवली आणि समोर रस्त्यावर दोन बाया उभ्या राहिल्या. एक माझी सावली, दुसरी भाच्याची. पण इतक्या लांबुडक्या की कुणाची कोणती ते कळेना. गाडीवर बसल्यावर माझं डोकं जमिनीपासून दीड मीटरवर येतं असं धरा. सूर्य क्षितिजाच्या एकच अंश वर असतो, तेव्हा माझी सावली ८६ मीटर लांब पडते. पाच अंशांवर ती १७ मीटर होते. पंचेचाळीस अंशांवर माझ्याएवढीच, दीड मीटर. म्हणजे दिवस कासराभर वर येईपर्यंत हिची ऐट सगळी उतरलेली असते. ‘दिवस कासराभर वर आला’ हा शब्दप्रयोग मला गाडी चालवतानाच नीट कळला. घड्याळ न बघता, समोरच्या सावलीच्या लांबीवरून वेळ सांगायचा खेळ आम्ही त्या सकाळी तासभर खेळलो. भाच्याचा अंदाज पाच मिनिटांच्या आत आला तेव्हा त्याने हॉर्न वाजवून स्वतःचा सत्कार करून घेतला.

पण या सावलीचा एक गंभीर उपयोग आहे आणि तो मी प्रत्येक नव्या चालकाला सांगते. ती लांब होऊन समोर पडली असेल, तर सूर्य तुमच्या पाठीशी आहे. तुम्हाला सगळं लख्ख दिसतंय: झाडं, पाट्या, रस्त्यातला खडान् खडा. आणि नेमका तोच सूर्य समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसलाय. तुम्हाला तो दिसतो, त्याला तुम्ही दिसत नाही. सावली जिकडे बोट करते, तिकडून येणारा आंधळा आहे असं समजून चालायचं. सगळ्यात सुंदर उजेडात सगळ्यात जास्त सांभाळायचं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. त्या सकाळी समोरून एक मोटार आमच्या बाजूला वळायला लागली तेव्हा मी आधीच वेग उतरवला होता, कारण माझी सावली तिच्या बंपरला शिवत होती. चालकाने कपाळावर हात धरला होता. तो थांबला, आम्ही पुढे गेलो, सावलीही गेली.

संध्याकाळी हिशेब उलटा. आता सूर्य आमच्या डोळ्यांत, सावली मागे. हेल्मेटच्या काचेवर दिवसभर न दिसलेला प्रत्येक चरा अचानक पेटून उठतो. धूळ पुसताना कोरडा कपडा फिरवला की बारीक गोलगोल ओरखडे पडतात. दिवसा ते गुपचूप असतात. सूर्य खाली आला की प्रत्येक ओरखडा आपापला उजेड पसरवतो आणि समोर दुधाळ पडदा धरतो. म्हणून काच आधी ओली करायची, धूळ सुटू द्यायची, मगच मऊ कापडाने टिपायची. चष्म्याच्या काचेबद्दलही मी लोकांना हेच सांगते. शिवाय माझ्या काचेच्या वरच्या कडेला दोन बोटं रुंदीची काळी चिकटपट्टी आहे. मान जराशी खाली केली की सूर्य पट्टीआड जातो आणि रस्ता दिसत राहतो. भाचा म्हणतो, “मावशी, तू सूर्याला टोपी घालतेस.” घालते!

त्याचा एक प्रश्न मला फार आवडला. “आपण पश्चिमेकडे चाललोय, म्हणजे सूर्याचा पाठलाग करतोय. मग आपला दिवस मोठा होतो का गं?”

होतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तिथे दिवसभरात ४०० किलोमीटर पश्चिमेला गेलात तर सूर्य तुमच्यासाठी साधारण १४ मिनिटं उशिरा मावळतो. उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकत जाल तशी प्रत्येक अंशाची रुंदी कमी होते आणि तेवढ्याच अंतरात जास्त मिनिटं मिळतात. सूर्याला आहे तिथेच लटकवून ठेवायचं तर विषुववृत्तावर ताशी १६७० किलोमीटर वेग लागेल. ८५ अंश अक्षांशावर मात्र १४५ पुरे. भाच्याने लगेच त्याच्या गाडीचा काटा पाहिला. “एवढा तर ही काढते,” म्हणाला. काढते, पण तिथे रस्ता कुठे आहे बाबा! उत्तरेकडे बर्फाने झाकलेला समुद्र, दक्षिणेकडे बर्फाने झाकलेलं पठार. तरी पुढचे वीस किलोमीटर तो गाणं गुणगुणत होता, त्याला चौदा मिनिटं बक्षीस मिळाल्यासारखा. मलाही मिळाल्यासारखी वाटली. परतीला पूर्वेकडे येताना ती परत करावी लागतात, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

मग सूर्य बुडाला, आणि माझ्या मते अख्ख्या दिवसातला अवघड तुकडा सुरू झाला. लोक रात्रीला भितात. मी तिन्हीसांजेला जपते.

डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी सुमारे ६० लाख. त्यांना रंग आणि बारकावे कळतात, पण भरपूर उजेड लागतो. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्यांना मिणमिणता उजेड पुरतो, पण रंग कळत नाहीत आणि बारकावेही फारसे नाहीत. तिन्हीसांजेला शंकूंची पाळी संपत आलेली असते आणि दंडांची नीट सुरू झालेली नसते. दोन पहारेकरी दारात किल्ल्यांची देवाणघेवाण करतायत आणि दार मात्र सताड उघडं, अशी ती वेळ. त्यात हेडलाइटचा उजेड आभाळाच्या उरलेल्या उजेडात विरघळून जातो, त्यामुळे दिवा लावूनही रस्ता उजळल्यासारखा वाटत नाही. याच वेळेला जनावरं बाहेर पडतात. याच वेळेला चालकाला मुक्काम गाठायची घाई असते.

आम्ही तेव्हा एका चढावर थांबलो होतो, भाच्याला काळी काच काढून स्वच्छ काच लावायची होती म्हणून. मी त्याला म्हटलं, “तुझ्या टाकीकडे बघ.” दिवसभर आगीसारखी लाल असलेली टाकी काळपट, सुकलेल्या जखमेच्या रंगाची झाली होती. तिच्यावर बांधलेली निळी पिशवी, जी दुपारी लक्षातही येत नव्हती, ती मात्र उजळ दिसत होती, जणू तिच्यात आतून कुणी दिवा ठेवलाय. भाच्याने टाकीवर बोट फिरवून पाहिलं, धूळ बसलीय का म्हणून. धूळ नव्हती. दंडपेशींना निळ्याहिरव्याची ओढ जास्त आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून उजेड उतरतो तसा लाल आधी विझतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुलांवरून हे टिपलं. आजही या बदलाला त्याचंच नाव आहे. मी दहा मिनिटं त्या टाकीकडे बघत उभी होते. लाल नेमका कोणत्या क्षणी गेला ते मला सांगता आलं नाही. दर वेळी ठरवते की या वेळी पकडायचंच.

ही तिन्हीसांज सगळीकडे सारखी लांब नसते, हेही त्या चढावर बोलणं झालं. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा नागरी संधिप्रकाश. बारा अंशांपर्यंत नाविक, अठरापर्यंत खगोलीय, आणि त्यापुढे खरी रात्र. विषुववृत्ताजवळ सूर्य सरळ खाली उतरतो, त्यामुळे नागरी संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. उत्तरेकडे तो तिरका घसरत जातो. ६१ अंशांच्या पलीकडे जूनच्या २१ तारखेच्या आसपास नागरी संधिप्रकाश रात्रभर संपतच नाही. आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ७१ अंशांवरच्या नॉर्डकापला, मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळत नाही. जगभरचे मोटारसायकलवाले तिथे जातात. माझं जायचं राहिलंय. मध्यरात्री सावली क्षितिजावरच्या सूर्याला पाठ करून उभी असेल, तेव्हा तिला झोप येत असेल का, हे मला प्रत्यक्ष पाहायचंय. त्याच देशात लार्डालचा बोगदा आहे, साडेचोवीस किलोमीटर लांब, २००० साली सुरू झालेला. इतका वेळ एकसुरी उजेडात गाडी चालवून माणूस पेंगतो, म्हणून तिथे मध्ये तीन ठिकाणी गुहेसारखी रुंद जागा कोरून निळे दिवे लावलेत, कडेला पिवळे, पहाट झाल्यासारखे. डोंगराच्या पोटात तीन वेळा उजाडतं. ज्यांना हे सुचलं त्यांच्याबद्दल मला मनापासून प्रेम आहे.

पुढे मिट्ट काळोख लागला. अवसेच्या जवळची रात्र होती.

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण मोटारसायकलला शब्दशः लागू आहे. हँडलवरून पुढच्या चाकाकडे पाहिलं तर तिथे काहीच नसतं. उजेड सुरू होतो तो काही मीटर पुढे. आणि संपतो कुठे, हे जास्त महत्त्वाचं. डिप्परवर माझ्या दिव्यात रस्ता साधारण पन्नास मीटर दिसतो. ताशी ६० ने जाताना काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर सरतात. मग कोरड्या रस्त्यावर व्यवस्थित ब्रेक मारला तरी थांबायला आणखी २३ लागतात. झाले ४८. दोन मीटर उरतात! ताशी ८० ला हाच हिशेब ७४ मीटरवर जातो, म्हणजे चोवीस मीटर मी अशा रस्त्यावर असेन जो मला अजून दिसलेलाच नाही. म्हणून रात्री माझा वेग माझा दिवा ठरवतो. रस्ता कितीही गुळगुळीत असो. भाच्याला हा हिशेब मी तोंडपाठ करून घेतलाय. तो मागून पुटपुटतो, “पंचवीस अधिक तेवीस,” आणि मला बरं वाटतं.

वळणावर आणखी गंमत. मोटार वळते तेव्हा दिवा सरळ राहतो. आपण कलतो, म्हणून दिवाही कलतो. ज्या बाजूला वळायचं त्याच बाजूचा उजेड जमिनीत घुसतो आणि जिकडे जायचं नाही तिकडची झाडं शेंड्यापर्यंत उजळतात. झाडं बघून घ्या, रस्त्याचं नंतर बघू, असं गाडी म्हणत असते. कल ओळखून प्रकाशझोत सरळ ठेवणारा दिवा २०११ च्या सुमारास बीएमडब्ल्यूच्या के १६०० गाडीवर आला, आणि आता बऱ्याच गाड्यांवर वळणाच्या बाजूला वेगळे छोटे दिवेही असतात. माझ्या गाडीवर साधा हॅलोजन आहे, अप्परला साठ वॉट, डिप्परला पंचावन्न. मी वळणाआधीच वेग उतरवते आणि काळोखाच्या दिशेने मान वळवते. बाकी काही नाही.

समोरून अप्पर लावलेला कुणी आला की डोळ्यांतलं सगळं कमावलेलं धन एका फटक्यात जातं. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते झगझगीत उजेडात विरतं आणि काळोखात हळूहळू परत तयार होतं. अशा वेळी समोरच्या दिव्याकडे पाहायचं नाही. आपल्या बाजूच्या कडेची पांढरी रेघ धरायची आणि ती सोडायची नाही. त्या रेघेत काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात, म्हणून ती आपलाच उजेड आपल्याला परत करते. पर्सी शॉ नावाच्या इंग्रज माणसाने १९३४ साली रस्त्यात बसवायच्या ‘मांजरडोळ्यां’चं पेटंट घेतलं. रबराच्या खोबणीत काचेचे डोळे. वरून चाक गेलं की ते खाली दबतात आणि रबराने पुसले जातात. म्हणजे रस्ता खरोखर पापणी लववतो! हे कळल्यापासून असा डोळा दिसला की मी त्याला डिप्पर देते. भाचाही देतो.

त्या रात्री कीटक फार होते. स्वच्छ काच अर्ध्या तासात ठिपक्यांनी भरली. दिव्यावर झेपावणारा पतंग म्हणजे प्रेमात वेडा झालेला जीव, अशी आपल्या कवितांची समजूत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं, आणि दिसलं ते उलटंच. उडणारे कीटक उजेडाकडे पाठ करतात. लाखो वर्षं रात्रीही सगळ्यात उजळ म्हणजे आभाळ, तेव्हा उजेडाकडे पाठ केली की आपण सुलटे, असा त्यांचा साधा नियम. आमचा दिवा जवळ आला की त्यांना वाटतं आभाळ इकडे आहे. बिचारे पाठ तिकडे वळवतात, तोल जातो आणि घिरट्या सुरू होतात. प्रेम नाही, दिशाभूल. हे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, आपण थोडा वेळ दिवे बंद करून थांबूया का? त्यांना जाऊ दे.”

म्हणून थांबलो. रस्त्यापासून चांगलं आत, सपाट मोकळ्या जागेवर. इंजिनं बंद, दिवे बंद. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. गरम सायलेन्सर निवताना टिक... टिक... वाजत होता, तेवढाच काय तो पत्ता गाडीचा. भाच्याचा हात मोबाइलकडे गेल्याचं मला आवाजावरून कळलं. “अजिबात नाही,” म्हटलं. “वीस मिनिटं दे मला.”

पहिली पाच मिनिटं काहीच नाही. दहाव्या मिनिटाला आभाळ आणि जमीन वेगळी झाली. मग भाच्याचं हेल्मेट, टाकीवर ठेवलेलं, एक गोल काळा ठोकळा. मग त्याचे खांदे. गाडी चालवताना डोळे कधीच पूर्ण सरावत नाहीत, कारण आपलाच दिवा आपल्याला अर्धवट दिवसात ठेवतो. दंडपेशी पुरत्या जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एवढा वेळ कुणी काळोखाला देत नाही. आम्ही दिला. आणि मग आभाळ उतरलं. आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये काळ्या भेगांसकट.

मी त्याला शर्मिष्ठा तारकासमूहाचा एम दाखवला, आणि तिथून पुढे देवयानी. “काही दिसत नाही,” तो म्हणाला. “सरळ बघू नकोस. जरा बाजूला बघ आणि तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून येऊ दे.” नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच, त्यांची दाटी बाजूला असते. काळोखात रोखून पाहिलं की वस्तू नाहीशी होते. तो गप्प झाला. मग त्याचा श्वास ऐकू आला. “धुरकट डाग... आहे. आहे! आता गेला. बाजूला बघितलं की परत येतो.” तो डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच एक अख्खी दीर्घिका, पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर. तो उजेड निघाला तेव्हा रस्ता नव्हता, चाक नव्हतं, आपल्यासारखा माणूसही नव्हता. वाटेत कशाला न धडकता तो एवढा प्रवास करून आला आणि एका तेवीस वर्षांच्या मुलाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात उतरला. मी त्या वेळी काही बोलले नाही. बोलता आलं नसतं.

तासाभराने निघालो. मुक्काम अजून तीस किलोमीटर होता, वेग पंचवीस अधिक तेवीसचा. शेवटच्या टप्प्यात मागून एक ट्रक आला. त्याचे दिवे आमच्या पाठीवर पडले आणि समोरच्या रस्त्यावर, पार लांब, ती उभी राहिली. हेल्मेट, खांदे, मागचं सामान, सगळं अवाढव्य. शेजारी दुसरीही.

“मावशी, आल्या बघ!” भाचा ओरडला.

ट्रक जवळ येत गेला तशा त्या आखडत आमच्याकडे धावल्या. त्याने इंडिकेटर दिला, बाहेरून पुढे निघाला, आणि दोघी रस्त्याच्या कडेकडे वळल्या, गवतावरून सरसर सरकल्या, आमच्या बरोबरीला आल्या, मागे गेल्या. ट्रकचे लाल दिवे पुढच्या वळणाआड गेले. मी अप्पर लावला. रस्ता होता, पांढरी रेघ होती.

“गेल्या,” कानात आवाज आला.

“पहाटे किती वाजता निघायचं?” मी विचारलं.